टँकर थांबल्यावर

तिसगाव पाथर्डी तालुक्यात, पर्जन्यछायेत. इथे दुष्काळ संपतो म्हणजे पुढच्यापर्यंतची सवड मिळते. नळाला पाणी आले की पहिला बळी जातो ‘शिळ्या’ पाण्याचा: कालचा भरलेला हंडा मोरीत ओतायचा आणि ताजे भरायचे. झाकून ठेवलेले पाणी एका रात्रीत शिळे होत नाही. ही सवय मोडली तरी घरटी रोज हंडा-दोन हंडे वाचतात.

छपराचा हिशेब सोपा आहे. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ५० चौ. मी. पत्र्यावर ५०० मि.मी. पाऊस पडला, तर गळती-बाष्पीभवन वजा जाता सुमारे २०,००० लिटर हाती लागते. जलजीवन मिशनच्या दरडोई ५५ लिटरच्या मापाने पाच जणांच्या घराला ते सत्तर दिवस पुरेल. एवढी टाकी परवडणार नसेल, तर पन्हळीचे पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून विहिरीत किंवा बोअरजवळच्या खड्ड्यात सोडावे. पहिल्या पावसाचे मात्र वाहू द्यावे. त्यात धूळ आणि पाखरांची घाण असते.

याच जिल्ह्यातले हिवरे बाजार पाऊसमान पाहून दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडते. आधी माणसे-जनावरे, मग पिके; शेतीसाठी बोअरला बंदी. भरल्या वर्षीही!

सांडपाणी अळू-केळीला द्यावे. हौद आठवड्यातून एकदा कोरडा करावा, डेंगीचे डास होऊ नयेत म्हणून. ते पाणी झाडांना.