माउस कोणाच्या हातात?

जालना जिल्ह्यातल्या वाटूरसारख्या गावातील माध्यमिक शाळेचा संगणक कक्ष डोळ्यांसमोर आणा. नववीचा वर्ग, साठ मुले-मुली आणि चालू स्थितीतले दहा संगणक. एका संगणकाभोवती सहाजण. त्यांतला एक माउस धरून बसतो, दोघे त्याला खांद्यावरून सूचना देतात, उरलेले तिघे खिडकीबाहेर पाहतात. माउस धरणारा बहुधा मुलगा असतो. त्याच्या घरी किंवा काकाच्या दुकानात संगणक असतो. तास संपतो आणि शिक्षकांच्या मनात नोंद होते : याला संगणकात गती आहे, बाकीच्यांना नाही.

ही नोंद तपासून पाहायला हवी. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) ग्रामीण भारतातील शंभरांपैकी चार-पाच कुटुंबांकडेच संगणक आढळला. शहरांत हे प्रमाण शंभरात तेवीसच्या आसपास होते. म्हणजे ज्याला आपण ‘गती’ म्हणतो ती पुष्कळदा नुसती ओळख असते. पोहायला आधीच येणाऱ्या मुलाला विहिरीवर नेले आणि तो पोहला, तर त्यात शिक्षकाचे काय?

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९५ साली संगणकशास्त्राच्या पदवीला प्रवेश घेणाऱ्यांत मुली होत्या शेकडा ७. जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी विद्यार्थ्यांच्या वारंवार मुलाखती घेऊन याची कारणे शोधली. मुलींची बुद्धी किंवा गणित कमी पडत नव्हते. लहानपणापासून यंत्राशी खेळलेली मुले वर्गात पुढे असत आणि त्यांना पाहून बाकीच्यांची समजूत होई की हा विषय आपला नव्हेच. शिवाय अनेक मुलींना संगणकाचे आकर्षण यंत्र म्हणून नव्हे, तर त्याचा वैद्यकाला, शिक्षणाला, समाजाला काय उपयोग म्हणून होते. अभ्यासक्रमात मात्र त्याचा पत्ताच नसे. विद्यापीठाने प्रवेश देताना आज्ञावली लिहिण्याच्या पूर्वानुभवाला दिले जाणारे महत्त्व कमी केले, अनुभवी आणि नवख्या विद्यार्थ्यांसाठी आरंभीचे अभ्यासक्रम वेगळे ठेवले आणि माध्यमिक शाळांतील संगणक शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग घेतले. २००० साली मुलींचे प्रमाण ४२ टक्के झाले. पाच वर्षांत मुलींची बुद्धी बदलली नव्हती.

आपल्याकडे प्रश्न केवळ मुलींचा नाही. खेड्यातली, मराठी माध्यमातली, घरातून पहिल्यांदाच शाळेत आलेली मुले याच रांगेत मागे उभी असतात. आपले अभ्यासक्रमही त्यांना फारसे जवळ बोलावत नाहीत. अकरावी-बारावीच्या द्विलक्ष्यी संगणकशास्त्रात दीर्घकाळ ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर शिकवला गेला. तो १९७६ सालचा! त्याच्या आज्ञा पाठ करताना आधीच यंत्रवेडा असलेला विद्यार्थी रमेल. इतरांनी का रमावे, याचे उत्तर पुस्तकात नव्हते. खालच्या इयत्तांत याच्या उलट टोक : फाइल उघडा, अक्षर ठळक करा, फाइल जतन करा. यातून हाताला सवय लागते. शास्त्राचा वास येत नाही. त्याआधी १९८४-८५ मध्ये केंद्र शासनाच्या ‘क्लास’ प्रकल्पातून सुरुवातीला अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो संगणक दिले गेले. तेव्हापासून यंत्र आधी आणि ‘शिकवायचे काय?’ हा प्रश्न नंतर, अशी रीत पडली आहे.

हा क्रम उलटा करून पाहता येतो. न्यूझीलंडचे टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात संगणकाविना संगणकशास्त्र शिकवण्याचे खेळ रचले. आपल्याकडे एसीएम इंडिया या संस्थेने २०१६ पासून ‘सीएस पाठशाला’ या उपक्रमातून असेच साहित्य मराठीसह अनेक भारतीय भाषांत आणले आहे. त्या धर्तीचा एक खेळ आपल्या अंगणात करून पाहू. लागतात चार पुठ्ठे आणि थोडी फक्की.

पुठ्ठ्यांवर चार गावांची नावे लिहा : जालना, परतूर, मंठा, वाटूर. ते पिसून चार मुलांना द्या आणि त्यांना एका ओळीत उभे करा. त्यांना शब्दकोशातल्या क्रमाने लावायचे आहे, पण अट अशी की एका वेळी दोघांनीच एकमेकांचे पुठ्ठे पाहायचे. कोशात आधी येणाऱ्याने डावीकडे जायचे. पहिल्या फेरीत पहिला-दुसरा आणि तिसरा-चौथा एकाच वेळी भेटतात. दुसऱ्या फेरीत डावीकडे गेलेले दोघे आपसांत आणि उजवीकडे गेलेले दोघे आपसांत भेटतात. आता सर्वांत आधीचा शब्द डाव्या टोकाला आणि सर्वांत शेवटचा उजव्या टोकाला पोहोचलेला असतो. (का? ते मुलांनाच सांगू द्या. कुस्तीच्या जोडी पाहिलेल्यांना पटकन सुचते.) तिसऱ्या फेरीत मधले दोघे भेटतात आणि ओळ लागते. तुलना पाच, पण फेऱ्या तीनच, कारण काही तुलना एकाच वेळी झाल्या. अनेक कामे समांतर करणारे संगणक हेच तत्त्व वापरतात.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना विचारा, चार तुलनांत भागेल का? चार पुठ्ठे २४ प्रकारे मांडता येतात. प्रत्येक तुलनेला दोनच उत्तरे, म्हणून चार तुलनांतून जास्तीत जास्त १६ प्रसंग वेगळे ओळखता येतील, २४ नाही. पाच तुलनांतून ३२. तेव्हा पाचाहून कमीत काम होण्याची खात्री कोणीच देऊ शकत नाही, महागडा संगणकही नाही. या तासाला घरी संगणक असलेल्या मुलाला काडीचाही फायदा मिळत नाही आणि चौघांपैकी कोणाला खिडकीबाहेर पाहायला सवडही मिळत नाही.

आता यंत्राकडे वळू. संगणकाला ‘वाटूर’ वाचता येत नाही. त्याच्याजवळ प्रत्येक अक्षराचा क्रमांक असतो. युनिकोड या जागतिक संकेतात ज चा क्रमांक २३३२, प चा २३४६, म चा २३५० आणि व चा २३५७. क्रमांक चढते आहेत, म्हणून आपली चार गावे बरोबर लागतात. मग ‘कवच’ आणि ‘कळ’ हे दोन शब्द द्या. ळ चा क्रमांक २३५५, म्हणजे व च्या आधी. नुसते क्रमांक पाहणारा संगणक ‘कळ’ आधी ठेवील. आपल्या वर्णमालेत मात्र ळ येतो ह च्या नंतर, म्हणून ‘कवच’ आधी हवा. संगणकाचा क्रम चुकला! तो सुधारायचा तर मराठीसाठी वेगळा नियम लिहून द्यावा लागतो, आणि तो लिहिण्यासाठी लागणारे ज्ञान त्या खोलीतल्या प्रत्येक मुलीजवळ पहिलीपासून आहे. आतापर्यंत जिला आपले मराठी माध्यम हीच अडचण वाटत होती, तिच्याजवळ नेमकी यंत्राला हवी असलेली गोष्ट निघते.

हे झाल्यावरच संगणक कक्षाचे दार उघडावे. दोघादोघांच्या जोड्या कराव्यात, बाकीच्यांनी तोवर पुठ्ठ्यांवर सहा नावांची ओळ लावावी. जोडीतल्या ज्याने वा जिने नियम सांगितला, तिच्या हाती कळफलक. दुसऱ्याने केवळ बोलायचे, बोट लावायचे नाही. दर दहा मिनिटांनी घंटा आणि अदलाबदल. घंटेचे काम वर्गातल्या सर्वांत उतावीळ मुलाकडे द्यावे. तो वेळ अचूक पाळतो. सहा नावांची ओळ मात्र सोपी नाही. ती बारा तुलनांत आणि पाच फेऱ्यांत लागू शकते. त्या जोड्या कोणत्या, हे आपणही शिक्षक खोलीत एकदा फक्कीने आखून पाहावे.