मॉरिशसचे वाढलेले औक्ष

‘औक्षवंत हो’ हा आशीर्वाद आपल्याकडे घरोघरी दिला जातो. परंतु एखाद्या देशाचेच औक्ष कसे वाढते, याचा विचार आपण क्वचितच करतो. म्हणून आज आम्ही हिंदी महासागरातील मॉरिशस या चिमुकल्या बेटाची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत. हे बेट आपणांस अगदीच परके नव्हे. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी जे हिंदी मजूर तेथे गेले, त्यांत मराठी कुटुंबेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे नांदत आहेत.

१८६६ साली त्या बेटावर हिवतापाची भयंकर साथ सुरू झाली. १८६७ या एका वर्षातच सुमारे सव्वातीन लाखांच्या वस्तीतील जवळजवळ ३२ हजार माणसे तापाने दगावली. ऐपतदार लोक पोर्ट लुई शहर सोडून क्यूरपीपच्या उंच, थंड भागात राहावयास गेले. मजुरांना मात्र मळे सोडून जाण्यास जागा नव्हती. डासांमुळे हिवताप पसरतो हे सिद्ध करणारे डॉ. रोनाल्ड रॉस १९०७ साली तेथे पाहणीसाठी गेले. तरीही तापाचे ठाण पुढे चाळीस वर्षे कायम राहिले.

१९४२ ते १९४६ या काळात तेथील सरासरी आयुर्मान अवघे ३३ वर्षांचे होते. याचा अर्थ सर्व माणसे तिशीतच मरत असत, असा नव्हे. एक मूल जन्मताच गेले आणि दुसरे सहासष्ट वर्षे जगले, तर दोघांची सरासरी तेहतीसच येते. त्या दशकात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी दीडशेच्या आसपास मुले पहिला वाढदिवस पाहत नसत. तेहतीस या आकड्यामागे रिकाम्या पाळण्यांची एवढी मोठी रांग उभी होती.

दुसरे महायुद्ध संपल्यावर घराघरांच्या भिंतींवर डी. डी. टी. फवारण्याची मोहीम निघाली, आणि हिवताप झपाट्याने ओसरला. त्याच काळात नवी औषधे व बाळंतिणींची सुश्रूषा यांचीही जोड मिळाली. १९५१ ते १९५३ च्या सुमारास आयुर्मान ५० वर्षांच्या पुढे गेले. जे पिढ्यान्‌पिढ्या साधले नव्हते, ते दहा वर्षांच्या आत साधले! १९७३ साली जागतिक आरोग्य संघटनेने मॉरिशस हिवतापमुक्त झाल्याचे जाहीर केले.

परंतु शत्रू गेला म्हणून पहारा उठवून चालत नाही. १९७५ साली मोठे चक्रीवादळ झाले, आणि त्यानंतर ताप पुन्हा शिरला. तो घालविण्यास वीसहून अधिक वर्षे लागली. तेव्हापासून हिवतापाच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांवर आरोग्यखात्याची माणसे लक्ष ठेवतात व त्यांचे रक्त तपासतात.

आज तेथील आयुर्मान ७० वर्षांच्या पुढे गेले आहे, आणि स्त्रिया पुरुषांहून काही वर्षे अधिक जगतात. तान्ह्या मुलांचे मृत्यू हजारी वीसहूनही कमी झाले आहेत. मात्र आता निराळाच शत्रू घरात शिरला आहे. प्रौढ माणसांपैकी सुमारे पाचांत एकास मधुमेह आहे. हृदयविकार व मधुमेह हीच तेथील मृत्यूची प्रमुख कारणे झाली आहेत. हा शत्रू भिंतीवर औषध फवारून जाणारा नव्हे. त्याचा बंदोबस्त सरकारी पथक करू शकत नाही; तो ज्याने त्याने आपल्या ताटापाशी करावयाचा असतो.

हिवताप व मधुमेह ही दोन्ही नावे आपल्या खेड्यांतही सर्वांच्या ओळखीची आहेत. साचलेले पाणी वेळीच काढून टाकणे आणि चाळिशी उलटल्यावर रक्तातील साखर तपासून घेणे, यांस फारसा खर्च येत नाही. वडीलधाऱ्यांनी दिलेला आशीर्वाद फळावा, यासाठी एवढे श्रम तरी आपण घ्यावेत, असे आम्हांस वाटते.