नाल्याची ओळख, नाल्याचे रक्षण

वर्धा, वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती आणि गोदावरी ही नावे चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील प्रत्येक शाळकरी मुलास पाठ असतात. परंतु या नद्यांना पाणी पुरविणाऱ्या, डोंगरउतारावरून व वनांतून वाहत येणाऱ्या असंख्य नाल्यांचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळतो. वस्तुतः गावाचा रोजचा संबंध मोठ्या नदीपेक्षा या नाल्यांशीच अधिक येतो. गुरांचे पिणे, धानाच्या बांधीला मिळणारा ओलावा, मामा तलावांत व बोड्यांत साठणारे पाणी, तसेच ढिवर व आदिवासी कुटुंबांच्या ताटातील मासे, खेकडे व झिंगे हे सारे नाल्यावर अवलंबून असते. म्हणून नाल्याचे रक्षण हा केवळ निसर्गप्रेमाचा विषय नसून ग्रामजीवनाच्या स्थैर्याचा प्रश्न आहे.

पाऊस पुष्कळ, प्रवाह अल्पकाळ

या दोन जिल्ह्यांत वर्षाकाठी सरासरी सुमारे १२०० ते १५०० मिलिमीटर पाऊस पडतो. राज्याच्या अवर्षणप्रवण भागाशी तुलना करता हे प्रमाण मोठे आहे. तरीही अनेक नाले होळीच्या सुमारास आटतात आणि उन्हाळ्यात नाल्याच्या वाळूत झिरे खोदण्याची पाळी येते. याचे कारण असे की, पावसाळ्यानंतर नाल्यात वाहणारे पाणी हे आकाशातून आलेले नसते; ते जमिनीत मुरलेले व हळूहळू पाझरणारे पाणी असते. झाडांची मुळे, पालापाचोळा आणि भुसभुशीत माती पावसाचे पाणी धरून ठेवतात. उतार उघडा पडला, काठावरील अर्जुन, करंज, उंबर व जांभूळ यांची तोड झाली किंवा पात्रातील वाळू प्रमाणाबाहेर उपसली गेली, म्हणजे पाणी मुरण्याची व टिकण्याची ही व्यवस्था मोडते. नाला पावसाळ्यात अधिक उफाळतो आणि उन्हाळ्यात लवकर आटतो.

हे कार्यकारण समजल्याखेरीज संरक्षणाचे उपाय टिकत नाहीत. नाल्याच्या काठी फलक उभारणे सोपे आहे. परंतु जो नियम लोकांनी स्वतः विचार करून केलेला नसतो, तो पाळलाही जात नाही. या दृष्टीने गडचिरोली जिल्ह्यातील एका लहान गावाचा अनुभव मननीय आहे.

मेंढा (लेखा) येथील अभ्यासगट

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचे गाव वैनगंगेला मिळणाऱ्या कठाणी नदीच्या परिसरात वसले आहे. ग्रामसभेचे निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याची प्रथा या गावाने रूढ केली. श्री. देवाजी तोफा यांच्यासारखे गावातील कार्यकर्ते आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे श्री. मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून येथे अभ्यासगटाची पद्धत रुजली. एखाद्या विषयावर गावकरी एकत्र बसतात, बाहेरच्या जाणकारांना प्रश्न विचारतात, आपली माहिती मांडतात. आणि निर्णय मात्र ग्रामसभेतच होतो. अभ्यास आणि निर्णय यांची ही विभागणी महत्त्वाची आहे, कारण तीमुळे अभ्यासाच्या बैठकीत कोणासही मोकळेपणाने शंका काढता येते.

ज्येष्ठ पर्यावरणशास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने जैवविविधतेच्या नोंदी करण्याचे काम येथे झाले, तेव्हा मासे व मासेमारी हाही चर्चेचा विषय झाला. वनस्पतींपासून तयार केलेले विष पाण्यात कालवून मासे धरण्याची रीत वनप्रदेशात जुनी आहे. अशा विषामुळे माशांच्या श्वसनाला बाधा येते व ते पृष्ठभागावर येतात. परंतु विष मोठा मासा आणि पिलू असा भेद करीत नाही. खाण्याजोग्या चार माशांबरोबर पुढील वर्षाचे बीजही नष्ट होते. या चर्चेतून गावाने कठाणीच्या आपल्या हद्दीतील भागात विषाचा वापर थांबविण्याचे ठरविले. हा निर्णय कोणत्याही कार्यालयाच्या आदेशाने झाला नव्हता. ज्यांना त्यासाठी आपली सवय सोडावी लागणार होती, त्यांनीच तो घेतला होता.

नालाफेरीचे आयोजन

असा अभ्यास कोणत्याही ग्रामपंचायतीस व शाळेस करता येण्यासारखा आहे. पाणलोटाच्या कामांमुळे शिवारफेरी सर्वांना परिचित आहे. तिच्याच धर्तीवर नालाफेरी घ्यावी. ती वर्षातून एकदा समारंभापुरती न होता तीन वेळा व्हावी : धानाची कापणी आटोपल्यावर, होळीच्या सुमारास आणि पावसाळ्यापूर्वी. फेरीत शिक्षक व विद्यार्थी यांच्यासमवेत गुराखी, मासेमारी करणारी कुटुंबे आणि पाणी भरणाऱ्या स्त्रिया अवश्य असाव्यात. कोणता डोह कधी आटतो, कोणता मासा कोठे अंडी घालतो, पूर्वी पाणी कोठवर टिकत असे, हे ज्ञान त्यांच्यापाशीच असते. डोहांची व झिऱ्यांची स्थानिक नावे, मग ती गोंडी, माडिया वा मराठी असोत, जशीच्या तशी नकाशावर लिहावीत.

पाण्याची प्रत ओळखण्यासाठी प्रयोगशाळाच हवी असे नाही. वाहत्या पाण्यातील दगड अलगद उलटून पाहावा. शेपटीला दोन-तीन तंतू असलेल्या चपट्या अळ्या दगडाला चिकटलेल्या दिसल्या, तर पाण्यात प्राणवायू पुरेसा आहे असे सर्वसाधारणपणे समजावे. केवळ गाळात वळवळणाऱ्या लाल अळ्याच आढळल्या, तर पाण्यात घाण व प्राणवायूची उणीव असण्याचा संभव असतो. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात १९६९ साली नागरिकांनी सुरू केलेल्या ओढे-संरक्षणाच्या उपक्रमातही पुढे अशाच कीटकांच्या निरीक्षणावर भर देण्यात आला. मात्र असे पाणी पिण्यास योग्य आहे किंवा नाही, हे रासायनिक व जंतुविषयक तपासणीवरूनच ठरवावे.

प्रवाह मोजण्याची रीतही सोपी आहे. नाल्याचा सरळ दहा मीटर भाग निवडून त्यावर वाळलेले लाकूड सोडावे व लागलेला वेळ मोजावा. समजा, पन्नास सेकंद लागले. तर पृष्ठभागावरील वेग सेकंदाला ०.२ मीटर झाला. पात्राची रुंदी २ मीटर व सरासरी खोली ०.१५ मीटर असल्यास तिन्हींचा गुणाकार ०.०६ घनमीटर येतो. तळाशी पाणी संथ वाहत असल्याने त्यास ०.८ ने गुणावे. उत्तर ०.०४८ घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ४८ लिटर. हीच मोजणी दरवर्षी त्याच जागी, त्याच सुमारास केल्यास नाला सुधारतो आहे की खालावतो आहे, हे ग्रामसभेपुढे आकड्यांनिशी मांडता येते.

कायद्याचा आधार

अशा अभ्यासातून निघालेल्या निर्णयांना कायद्याचे पाठबळ आहे. वनहक्क अधिनियम, २००६ च्या कलम ५ अन्वये लगतचे पाणलोट क्षेत्र व पाण्याचे स्रोत पुरेसे संरक्षित राहतील हे पाहण्याचा अधिकार हक्कधारकांना व ग्रामसभेस देण्यात आला आहे. सुमारे १८०० हेक्टर वनावरील मेंढा (लेखा) गावाचा सामूहिक हक्क २००९ मध्ये मान्य झाला. चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ मध्ये १००६ हेक्टरवर असा हक्क मिळाला व तेथील ग्रामसभेने वनाचा काही भाग स्वेच्छेने राखून ठेवला. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. नालाफेरीतील निरीक्षणांची योग्य जागा तीच होय. राज्य शासनाने २ ऑक्टोबर २०२२ रोजी सेवाग्राम येथून आरंभिलेल्या ‘चला जाणूया नदीला’ या अभियानाचा गाभाही प्रथम नदी जाणावी, मग उपाय योजावेत, हाच होता.

मर्यादा आणि कर्तव्य

ग्रामसभेचा निर्णय सर्व प्रश्न सोडवितो असे मात्र नाही. नाला गावाच्या शिवेवर थांबत नाही. वरच्या गावाने विष कालविले, तर खालच्या गावाचा संयम व्यर्थ ठरतो. म्हणून एका नाल्यावरील सर्व गावांची संयुक्त बैठक आवश्यक आहे. चंद्रपूर परिसरातील इरई नदीकाठचे कोळसा खाणींच्या मातीचे ढिगारे किंवा औद्योगिक सांडपाणी हे प्रश्न तर एकट्या गावाच्या शक्तीबाहेरचे आहेत. तेथे जिल्हा प्रशासन व प्रदूषण नियंत्रण मंडळ यांनी आपले कर्तव्य बजावले पाहिजे. परंतु अशा वेळीही गावाजवळ वर्षानुवर्षांच्या नोंदी असतील, तर तक्रारीला पुराव्याचे बळ येते.

आणखी एक बाब दृष्टिआड होता कामा नये. पावसाळ्याच्या आरंभी अंडी घालण्यासाठी वर चढणारे मासे धरू नयेत, असा नियम करणे उचित आहे. पण त्याच दिवसांत गरीब घरातील धान्याची कणगी रिकामी झालेली असते. नियमाचा भार कोणावर पडतो, हे त्या कुटुंबांना बैठकीत बोलू दिल्याविना कळत नाही. त्यांच्या संमतीने आखलेली लहानशी राखीव जागा, एखादा डोह का असेना, कागदावरील संपूर्ण बंदीपेक्षा अधिक मासे वाचवील. शिक्षकांनी मोजणी शिकवावी, पंचायत सदस्यांनी सर्वांना एकत्र बसवावे आणि अधिकाऱ्यांनी त्या बैठकीत आधी ऐकावे, एवढे झाले तरी नालाफेरी सार्थकी लागेल.