तळाच्या संघाचे धनी कोण?

मुंबई इंडियन्स हा क्रिकेट-संघ २०२२ साली इंडियन प्रीमियर लीगच्या गुणतक्त्यात दहाव्या, म्हणजे अगदी शेवटच्या क्रमांकावर राहिला. २०२४ साली तो पुन्हा त्याच जागी जाऊन बसला. दोन्ही वर्षी चौदा सामने, चार विजय, दहा पराभव आणि आठ गुण, असा हिशेबही तंतोतंत सारखा होता. २०१३ ते २०२० या आठ वर्षांत पाच वेळा अजिंक्यपद मिळवलेल्या संघाची ही अवस्था झाल्यावर तिची चर्चा होणे स्वाभाविकच होते. कोणाला वगळावे आणि कोणाला घ्यावे, याचा काथ्याकूट दोन्ही वेळा भरपूर झाला. परंतु या दोन हंगामांकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहिले, तर त्यांतून खेळाडूंपेक्षा प्रेक्षकांविषयी अधिक काही कळते, आणि ते विचार करण्याजोगे आहे.

२०२२ च्या हंगामात मुंबईने पहिले आठही सामने गमावले. या स्पर्धेत कोणत्याही संघाची सुरुवात तोवर इतकी वाईट झालेली नव्हती. त्यातून त्या वर्षी साखळीचे सर्व सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथेच खेळले गेले. म्हणजे परमुलखाचे मैदान किंवा प्रवासाचा शीण ही सबबही उपलब्ध नव्हती. लिलावात ईशान किशनसाठी सव्वापंधरा कोटी रुपये मोजले गेले होते, आणि जोफ्रा आर्चर त्या वर्षी खेळू शकणार नाही हे ठाऊक असूनही त्याच्यासाठी आठ कोटी राखले गेले होते. टीकेला जागा होती आणि टीका झालीही. तथापि कर्णधार रोहित शर्माची मैदानावर विटंबना झाली नाही. तीस एप्रिलला, त्याच्या वाढदिवशीच, पहिला विजय मिळाला, तेव्हा लोकांना हायसे वाटले. तिलक वर्मासारखा तरुण डावखुरा फलंदाज या पडझडीतून पुढे आला, याचेही कौतुक झाले. ‘यंदा जमले नाही, पुढे पाहू’ असा एकंदर सूर होता.

२०२४ साली आकडे तेच, पण सूर मात्र अगदी निराळा. रोहितला दूर करून हार्दिक पंड्याला कर्णधार नेमल्याची घोषणा डिसेंबर २०२३ मध्ये झाली होती. हा पंड्या काही परका नव्हे. २०१५ पासून तो मुंबईकडूनच वाढला, चार अजिंक्यपदांत त्याचा वाटा होता. मध्यंतरी गुजरात टायटन्सचा कर्णधार म्हणून त्याने २०२२ ची स्पर्धा जिंकून दिली होती. तरीही पहिल्या सामन्यापासून त्याची हुर्यो उडवली गेली. अहमदाबाद आणि हैदराबाद येथे जे झाले ते एक वेळ परमुलूख म्हणून सोडून देऊ. परंतु १ एप्रिलला वानखेडे मैदानावर, ज्या संघाचा तो कर्णधार त्याच संघाचा निळा सदरा घातलेल्या प्रेक्षकांनी नाणेफेकीच्या वेळी इतका गोंगाट केला, की समालोचक संजय मांजरेकर यांना त्यांस सभ्यपणे वागण्यास सांगावे लागले. त्या दिवशी मुंबईचा डाव १२५ धावांत आटोपला आणि राजस्थानने सामना जिंकला. आपला संघ हरत असताना आपल्याच कर्णधाराच्या फजितीत समाधान मानणारा प्रेक्षक हे दृश्य मुंबईला नवे होते.

पराभव दोन्ही वर्षी सारखाच होता, तेव्हा या फरकाचे कारण पराभवात शोधून भागणार नाही. ते कारण मालकीच्या भावनेत आहे. ‘संघ आमचा, आणि आमच्या रोहितला तुम्ही आम्हांला न विचारता काढले’ ही त्या गोंगाटामागची खरी तक्रार होती. ती सर्वस्वी गैर होती असे म्हणवत नाही. ज्या कर्णधाराने पाच वेळा करंडक आणला, त्याला बाजूला करण्याची रीत अधिक सन्मानाची असू शकली असती. पण निर्णय घेणारे मैदानाबाहेर होते, आणि शिक्षा झाली ती नेमणूक स्वीकारणाऱ्याला. कचेरीत नव्या साहेबाची बदली होऊन यावी आणि बदली करणाऱ्यांना काही बोलता येत नाही म्हणून त्या साहेबाच्याच टेबलाभोवती टवाळी चालावी, तसाच हा प्रकार होता.

येथे मूळ प्रश्न उपस्थित होतो. हा संघ आपला म्हणजे नेमका कसा? तो एका उद्योगसमूहाच्या मालकीचा आहे. खेळाडू देशोदेशींहून लिलावात घेतलेले असतात. मुंबईच्या वाट्याला येते ते केवळ नाव. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. त्या उत्पन्नातला वाटा सर्वच संघांना मिळतो. इंग्लंडातील फुटबॉलमध्ये तळाचे संघ खालच्या श्रेणीत ढकलले जातात, तशी तरतूदही येथे नाही. सारांश, शेवटचा क्रमांक आल्याने मालकाचे फारसे बिघडत नाही. जिवाला लागते ते पाठीराख्याच्या. ज्याचा कागदोपत्री काडीचा हक्क नाही, त्यालाच पराभवाचा सर्वांत मोठा हिस्सा मिळावा, हा या व्यवहारातला विरोधाभास आहे.

नुसते नाव पुरत नाही, याचा दाखला घाटमाथ्यावर आहे. २०१० साली सहारा समूहाने ३७ कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने सुमारे सतराशे कोटी रुपये मोजून पुणे वॉरियर्स हा संघ उभा केला. २०११, २०१२ आणि २०१३ या तिन्ही हंगामांत त्याला प्रत्येकी चारच विजय मिळाले. २०१२ च्या अखेरीपासून २०१३ च्या आरंभापर्यंत त्याने ओळीने अकरा सामने गमावले. युवराज सिंग आणि सौरव गांगुली यांच्यासारखे कर्णधार होऊन गेले, पण कोणाचीही मात्रा चालली नाही. शेवटी सामन्यांची संख्या आणि शुल्क यांवरून मंडळाशी वाद होऊन २०१३ मध्येच संघ लयाला गेला. पुण्याने त्याचे सुतक पाळल्याचे कोणाला स्मरत नाही. असतील शिते तर जमतील भुते, या न्यायाने जमलेली गर्दी शिते संपताच पांगली. पराभवांनी संघ बुडाला असे म्हणता येणार नाही. परंतु बुडताना हात देणारे कोणी नव्हते, हे मात्र खरे.

त्याच पुण्याचा दुसरा संघ कबड्डीचा. प्रो कबड्डी लीगच्या २०१४ आणि २०१५ या पहिल्या दोन्ही हंगामांत पुणेरी पलटण आठांत आठवी आली. पण संघ टिकला, पुढे तरुण खेळाडूंवर विश्वास टाकला गेला, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पलटणने अजिंक्यपद मिळवले. तळापासून शिखरापर्यंत जायला दहा वर्षे लागली. वानखेडेवरची हुर्यो याच्या बरोबर एक महिना नंतरची. ज्या वसंतात एक संघ दहा वर्षांच्या धीराचे फळ चाखत होता, त्याच वसंतात दुसऱ्याला तीन सामन्यांचाही धीर मिळत नव्हता.

पराभूताशी कसे वागावे, याची व्यवस्था निरनिराळ्या देशांनी निरनिराळी लावली आहे. अमेरिकेत फुटबॉल म्हणून जो खेळ खेळतात, आणि ज्यात चेंडू पायापेक्षा हातातच अधिक असतो, त्याच्या व्यावसायिक लीगमध्ये १९३६ पासून एक प्रथा आहे. महाविद्यालयांतून येणारे नवे खेळाडू निवडताना पहिला मान गेल्या वर्षी सर्वांत खाली राहिलेल्या संघाचा. हरलेल्याला उभे राहण्यास हात द्यावा, हा त्यामागचा विचार. त्यात लबाडीला वाव आहे, आणि पहिल्या निवडीच्या लोभाने संघ मुद्दाम हरतात असा आरोप तेथे नेहमी होतो. तरीही तत्त्व म्हणून ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. टँपा बे येथील संघ १९७६ साली सर्व चौदा सामने हरला, १९७७ मध्येही हरत राहिला, आणि ओळीने सव्वीस पराभवांनंतर त्याला पहिला विजय मिळाला. तोच संघ जानेवारी २००३ मध्ये अजिंक्य ठरला. क्लीव्हलंडचा संघ २०१७ च्या हंगामात सोळापैकी सोळा सामने हरला, तेव्हा तेथील पाठीराख्यांनी ऐन कडाक्याच्या थंडीत, ६ जानेवारी २०१८ रोजी, त्या ‘निर्दोष’ हंगामाची उपरोधिक मिरवणूक काढली, आणि त्या निमित्ताने जमलेल्या पैशातून गरिबांना अन्न पुरवणाऱ्या संस्थेला मदत केली. मालकावरचा राग त्यांनी लपवला नाही. परंतु तो व्यक्त करताना स्वतःवर हसण्याइतकी प्रौढी त्यांच्याजवळ होती.

याहून बोधप्रद उदाहरण ग्रीन बे या सुमारे लाखभर वस्तीच्या गावाचे. तेथील संघ १९२३ पासून लोकांच्या भागभांडवलावर चालतो. भागधारकांना लाभांश मिळत नाही, भाग नफ्याने विकता येत नाहीत. १९७० आणि १९८० च्या दशकांत त्या संघाला फारसे यश नव्हते. तरी तो मोठ्या शहरात हलवला गेला नाही, कारण हलवणारा एकटा मालकच नव्हता. जानेवारी १९९७ मध्ये त्याने पुन्हा अजिंक्यपद मिळवले. ‘आमचा संघ’ हे शब्द तेथे कागदावरही खरे आहेत.

आपल्याकडे असे काही नाही, असे म्हणण्यापूर्वी थोडे खाली उतरून पाहावे. वरंध घाटाच्या माथ्यावरून एका अंगाला भोरमार्गे पुणे, आणि दुसऱ्या अंगाला उतरले की वरंध, महाड, पोलादपूर. येथील घरटी एखादा तरी माणूस मुंबईला किंवा पुण्याला नोकरीधंद्यासाठी गेलेला. त्यामुळे दोन्ही शहरांचे संघ येथे आपलेच मानले जातात, आणि दोन्हींचे पराभव घरात येतात. परंतु येथला खरा संघ वाडीचा असतो. ग्रामदेवतेच्या नावाचे मंडळ, वर्गणीतून घेतलेले सदरे, चाकरमान्यांनी पाठवलेले पैसे, भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात आखलेले कबड्डीचे मैदान किंवा टेनिस चेंडूच्या क्रिकेटची खेळपट्टी, एवढ्या सामग्रीवर तो उभा राहतो. तो पहिल्या फेरीत हरतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जातो. हरलेल्या कर्णधाराला टोमणे बसतात. पण टोमणे मारणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच्याच शेजारी लावणीला किंवा एस. टी. च्या रांगेत उभे राहायचे असते, हे त्यालाही ठाऊक असते. जिभेला लगाम लागतो तो या शेजारामुळे. पंड्याची हुर्यो उडवणाऱ्या हजारोंना असा शेजार नव्हता.

शिवाय या मुलखाला पराभवाचे खरे माप ठाऊक आहे. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पुराखाली गेले आणि तळीये गावावर दरड कोसळून कुटुंबेच्या कुटुंबे गाडली गेली. ज्यांनी ते पाहिले, त्यांना चौदापैकी दहा सामने हरणे म्हणजे आयुष्यातली आपत्ती वाटणार नाही. खेळातला पराभव हा भरून येण्यासाठीच असतो, आणि म्हणूनच तो मुलांना लहान वयात चाखू द्यावा.

हा विषय शिक्षकांच्या दारापर्यंत येतो तो येथे. आपल्या शाळांतून पहिल्या आलेल्याचा सत्कार होतो, ते योग्यच आहे. पण तालुक्याच्या स्पर्धेत पहिल्याच सामन्यात हरून परतलेल्या संघाचे काय होते? अनेकदा पुढच्या वर्षी तो पाठवलाच जात नाही, आणि खेळाचा तास गणिताला किंवा इंग्रजीला दिला जातो. जिंकणाऱ्यालाच मैदान द्यायचे, ही रीत मुलांच्या मनात शाळेतच रुजते. मग मोठेपणी त्यांनी हरणाऱ्या कर्णधाराची हुर्यो उडवली तर नवल कोणते? हरलेल्या संघाला आणखी एक वर्ष, आणखी एक चेंडू आणि एक जबाबदार शिक्षक देणे, हा खर्च फार नाही.

पंड्याच्या कथेचा उत्तरार्ध सर्वांना ठाऊक आहे. २९ जून २०२४ रोजी बार्बाडोस येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातले अखेरचे षटक त्याने टाकले आणि भारत सात धावांनी जिंकला. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवर विजययात्रा निघाली, आणि त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला. अनेकांनी याला प्रायश्चित्त म्हटले. पण उगवत्या सूर्याला नमस्कार करण्यास प्रायश्चित्त म्हणत नाहीत. तीन महिन्यांपूर्वीची हुर्यो आणि हा जयघोष ही एकाच सवयीची दोन रूपे होती. दोन्हींना निकालाखेरीज आधार नव्हता.

संघाच्या कारभारावर टीका जरूर व्हावी, कठोर व्हावी. मालकांना जाब विचारण्याचा हक्क तिकीट काढणाऱ्याला आहेच. मात्र जो माणूस आपला सदरा घालून मैदानात उतरला आहे, त्याच्या मागे सामना संपेपर्यंत उभे राहणे, हे पाठीराखा या शब्दातच आलेले आहे. पाठ राखण्याची गरज पडत्या काळातच असते. मुंबईचा संघ २०२५ साली पुन्हा बाद फेरीपर्यंत पोहोचला, आणि केव्हातरी तो पुन्हा तळालाही जाईल, कारण दहा संघांच्या तक्त्यात दहावा कोणीतरी असतोच. त्या वर्षी वानखेडेवरचा आवाज कसा असेल, यावरून हा संघ मुंबईचा आहे की केवळ मुंबईच्या नावाचा, याचा निवाडा होईल.