ताप उतरला? आता खरी नजर ठेवा!

डेंग्यूचा पेशंट ॲडमिट झाला की नातेवाइकांचा पहिला फोन ठरलेला: "प्लेटलेट किती?" पण तीव्र डेंग्यूत जिवावर बेततं ते बहुतेक वेळा रक्ताभिसरण कोलमडल्यामुळे. आणि तेही कधी? ताप उतरताना! साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी अंग गार लागतं, घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि नेमक्या त्याच वेळी केशवाहिन्या गळायला लागतात.

गळतं काय? रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा. तो वाहिन्यांबाहेर झिरपून पोटात आणि छातीत साठतो. छातीत बहुधा उजवीकडे जास्त. ज्या 'एनएस१'ची आपण लॅबमध्ये तपासणी करतो, ते विषाणूचं प्रथिन वाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाच इजा करतं. चोवीस ते अठ्ठेचाळीस तास हा खेळ चालतो. मागे उरलेलं रक्त दाट होतं आणि हिमॅटोक्रिटचा, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणाचा, आकडा चढतो.

आता बीपीची गंमत बघा, कारण इथेच भले भले फसतात. १००/८० हा आकडा दिसायला किती सभ्य! पण वरच्या आणि खालच्या आकड्यात फरक फक्त २०, आणि डेंग्यूत फरक २० किंवा त्याहून कमी झाला की तो शॉक, म्हणजेच रक्ताभिसरण कोलमडणं, समजतात. रक्त कमी पडतंय म्हटल्यावर शरीर हातापायांच्या वाहिन्या आवळून धरतं, म्हणून खालचा आकडा वर सरकतो. पेशंट तेव्हा शुद्धीवर असतो, नीट बोलतो. पण तळवे गार, नाडी जलद आणि बारीक. बोटाचं नख दाबून सोडा: दोन सेकंदांत गुलाबी रंग परतला नाही तर थांबू नका.

हृदयही सुटत नाही. काहींच्या हृदयाच्या स्नायूला सूज येते, पंपाचा जोर घटतो, ईसीजी बदलतो. बहुतेकांचं पुढे पूर्ववत होतं. बरं होताना नाडी चक्क मंदावते, पण ते सहसा तात्पुरतं असतं.

उपचार? सलाईन, पण मोजून! व्हिएतनाममध्ये शॉकमधल्या ५१२ मुलांवरचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. मध्यम शॉकला साधं, स्वस्त रिंगर लॅक्टेट सलाईनच पुरेसं ठरलं आणि फक्त एक मूल दगावलं. वेळेवर उपचारांची ही ताकद! मात्र गळती थांबल्यावर बाहेर गेलेलं पाणी वाहिन्यांत परत येतं. तेव्हाही सलाईन जोरात चालू राहिलं तर फुप्फुसांत पाणी भरतं.

घरी तापाला पॅरासिटामॉलच द्या. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको. ताप उतरल्यावर पोटात जोराचं दुखलं, उलट्या थांबेनात, लघवी कमी झाली किंवा हातपाय गार पडले तर तडक दवाखाना गाठा. आणि डॉक्टरांना प्लेटलेटसोबत हिमॅटोक्रिट आणि बीपीतला फरकही जरूर विचारा.