पाळण्यात काय नसावे
तान्ह्या बाळाच्या पाळण्यात काय घालावे यापेक्षा काय घालू नये हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या काही महिन्यांत बाळाला नाकातोंडावर आलेले कापड दूर सारता येत नाही आणि मऊ वस्तूत चेहरा रुतला, तर सोडलेलाच श्वास पुन्हा आत जाऊन प्राणवायू कमी पडतो. म्हणूनच बाळाला घट्ट, सपाट गादीवर उताणे निजवावे आणि पहिले वर्षभर उशी, लोड, गोधडी व मऊ खेळणी अंथरुणात ठेवू नयेत, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. डोक्याला गोल आकार यावा म्हणून मोठ्या मायेने शिवली जाणारी मोहरीची उशीही यातून सुटत नाही. डोके चपटे होऊ नये यासाठी, बाळ जागे असताना आणि कोणी जवळ बसलेले असताना त्याला थोडा वेळ पालथे ठेवणे हाच चांगला उपाय होय.

कठड्याला आतून बांधायची जाड, कापूस भरलेली झालर, म्हणजे बंपर, सुरक्षित भासते, पण तिच्यात चेहरा दबून किंवा तिच्या बंदात मान अडकून बाळे दगावल्यामुळे अमेरिकेने २०२२ मध्ये कायदा करून तिच्या विक्रीवर बंदी घातली. गादी आणि कठडा यांच्यामधील फटीत दोन बोटे शिरत असतील तर ती गादी लहान समजावी. गजांमधील अंतरही सहा सेंटिमीटरांहून अधिक नसावे. चिमणाळे हाताला लागणार नाही इतके उंच टांगावे, आणि बाळ हातांवर रेटून उठू लागले, साधारण पाचव्या महिन्यात, की ते उतरवावे.