अठरा वर्षं, किती कोस?

बारा वर्षांचा येशू आईवडिलांबरोबर वल्हांडण सणाला यरुशलेमला गेला आणि तिथल्या मंदिरात शास्त्र्यांच्या घोळक्यात सापडला. त्यानंतर लूकच्या शुभवर्तमानात तो मोठा होऊन भेटतो, तो थेट तिशीच्या आसपास. मधली 18 वर्षं लूकने दोन वचनांत आटोपली आहेत: नासरेथला परतला, आज्ञेत राहिला, ज्ञानाने आणि वयाने वाढला. दिवस मोजले तर सुमारे 6,570. तेहतीसेक वर्षांच्या आयुष्यातला हा निम्म्याहून मोठा तुकडा.

एवढी कोरी जागा दिसल्यावर माणसं गप्प बसतात होय! 1894 मध्ये निकोलस नोटोविच या रशियन लेखकाने पॅरिसमध्ये पुस्तक काढलं. लडाखच्या हेमिस मठात आपल्याला एक पोथी वाचून दाखवली गेली, असा त्याचा दावा. त्या पोथीतला ‘इसा’, म्हणजे येशू, कोवळ्या वयात व्यापाऱ्यांबरोबर सिंधकडे निघतो, जगन्नाथपुरी, राजगृह, काशी असं करत सहा वर्षं शिकतो, पुढे हिमालयात बौद्धांकडे राहतो आणि एकोणतिसाव्या वर्षी घरी परततो. संस्कृत पंडित मॅक्स म्यूलरने त्याच वर्षी शंका घेतली. 1895 मध्ये आग्र्याच्या कॉलेजातले प्राध्यापक डग्लस हेमिसला जाऊन आले, तेव्हा असं पुस्तकच नाही, असं मठाधिपतींनी सांगितलं. हेमिस मठ सतराव्या शतकातला आणि पुरीचं आजचं मंदिर बाराव्या, हेही ध्यानात असू द्यावं.

इंग्लंडातली दंतकथा येशूला ग्लास्टनबरीला नेते, नासरेथहून सरळ रेषेत 3,700 किलोमीटर. जपानमधल्या शिंगो गावात तर त्याची कबरच दाखवतात. ते अंतर जवळजवळ 9,000.

आता गंमत अशी, की हिशेब या कथांच्या आड येत नाही. लडाखपर्यंतची वाट वळणं धरून 5,500 किलोमीटर मानू. रोज 25 किलोमीटर चाललं तर 220 दिवस, जाऊन-येऊन 440. अठरा वर्षांत अशा चौदा खेपा बसतात! समुद्रमार्गही वाहता होता. तांबड्या समुद्रावरच्या एकाच बंदरातून वर्षाला 120 जहाजं भारताकडे सुटत, असं ग्रीक भूगोलकार स्ट्राबोने त्याच काळात लिहून ठेवलंय, आणि पहिल्या शतकातल्या एका ग्रीक वाटाड्या-ग्रंथात आपलं कल्याण आणि पैठण आहे. सवड होती, वाट होती. साक्षीदार मात्र एकही नाही. उलट मार्कच्या शुभवर्तमानात गावकरी त्याला पाहून म्हणतात, हा तर आपला सुतार. चौदा खेपा करून आलेल्याला गाव असं ओळखेल?

तेव्हा घरीच राहिलेल्या सुताराचे कोस मोजून पाहू. त्याचे आईवडील दरवर्षी वल्हांडणाला यरुशलेमला जात. एकेरी वाट 120 किलोमीटर धरली आणि त्यानेही नेम पाळला असेल, तर अठरा वर्षांत 4,320 किलोमीटर. नासरेथ ते हेमिस सरळ रेषेपेक्षा जास्तच.

आणि नासरेथपासून सहा किलोमीटरवर सेफोरिस. गालीलचा शासक हेरोद अंतिपास ते शहर तेव्हा नव्याने उभारत होता, म्हणजे सुतारकामाला तोटा नसणार. शुभवर्तमानांत या शहराचं नावही नाही. तो तिथे कामाला जात असावा हा अभ्यासकांचा नुसता तर्क आहे. पण धरून चालू, वर्षाला 200 दिवस, जाऊन-येऊन 12 किलोमीटर. अठरा वर्षांत 43,200 किलोमीटर होतात. पृथ्वीचा घेर 40,000. आणि रोज संध्याकाळी घरी.